प्लेटलेट्स आणि डासाची चरबी

पावसाळ्यात डेंगीचे रुग्ण वाढले, की सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात नातेवाइकांचा एकच प्रश्न असतो, ‘डॉक्टर, प्लेटलेट्स किती झाल्या?’ ज्या डासामुळे ही वेळ आली, त्याच्याबद्दल कुणी विचारत नाही. वैद्यकीय शिक्षणातही डास येतो तो रोगाचा वाहक म्हणून. त्याच्या शरीरात काय चालते, हे डॉक्टरांनाही फारसे शिकवत नाहीत. माझ्या मते ही उणीव आपल्याला महागात पडते.

डेंगी पसरवणारी एडिस इजिप्ती डासाची मादी घ्या. डासाला यकृत नसते. यकृताची बरीचशी कामे त्याच्या शरीरातील चरबीची ऊती, म्हणजे मेदपिंड करतो. चरबी आणि साखर साठवणे, जंतूंशी लढणारी प्रथिने बनवणे आणि अंड्यांसाठी पोषक प्रथिन तयार करणे, हे सगळे तिथेच होते. कोषातून बाहेर आल्यावर पहिले सुमारे ३ दिवस या ऊतीची तयारी चालते. त्या काळात तिच्या काही पेशी केंद्रकातील डीएनए दुप्पट करतात; पण स्वतः दुभंगत नाहीत. विभाजन करायचे तर पेशीला हातातले काम थांबवावे लागते. इथे तर उत्पादन वाढवायचे असते. मग मादी रक्त पिते, प्रथिनाचा कारखाना जोरात सुरू होतो आणि सुमारे ३ दिवसांत शंभरेक अंडी तयार होतात.

गंमत म्हणजे आपले शरीरही हीच युक्ती वापरते. सामान्य पेशीत गुणसूत्रांचे २ संच असतात. अस्थिमज्जेतील मेगाकॅरिओसाइट ही पेशी न दुभंगता ते १६, ३२, कधी ६४ पर्यंत वाढवते आणि मग तिच्यापासून हजारो प्लेटलेट्स सुटतात. म्हणजे ज्या प्लेटलेट्सची आपण काळजी करतो त्या आणि डासाची अंडी, दोन्हींमागे पेशीचे एकच तंत्र आहे.

कीटकाच्या चरबीचा अभ्यास म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असे कुणाला वाटेल. पण १९९६ मध्ये फ्रान्समधील ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाने दाखवले, की ‘टोल’ जनुकात बिघाड असलेल्या फळमाश्या बुरशीच्या संसर्गाने मरतात. बुरशीशी लढणारे प्रथिन त्यांच्या मेदपिंडात पुरेसे तयारच होत नाही. पुढे माणसातही याच जातीचे रेणू जंतू ओळखतात, हे कळले. हॉफमन यांना २०११ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

आता आपल्या गल्लीकडे पाहू. रुग्ण सापडला की धूरफवारणीची मागणी होते. धुराने त्या वेळी उडणारे डास मरतात. अंडी आणि पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा असतो. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या वरच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने तग धरतात. पिंप, हौद, कूलर आतून घासलेच पाहिजेत.

हे वेळापत्रक डासाच्या शरीराने ठरवलेले आहे, आपल्या मोहिमांनी नाही. म्हणून प्रत्येक महापालिकेच्या आरोग्य विभागात पूर्णवेळ कीटकशास्त्रज्ञ हवा आणि साथीच्या बैठकीत त्याची खुर्ची डॉक्टरांच्या शेजारी हवी. आमच्या विद्यार्थ्यांनीही सूक्ष्मदर्शकाखाली एकदा तरी डास उघडून पाहावा. ज्याच्याशी दर पावसाळ्यात झुंजायचे, त्याचा कारखाना कसा चालतो हे ठाऊक असणे, हाही रुग्णसेवेचाच भाग आहे.