आकाशातल्या भंगाराचा पंचनामा कोण करणार?

२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रात अनेकांनी आकाशात जळत जाणाऱ्या रेघा पाहिल्या. कोणी उल्का म्हणालं, कोणी क्षेपणास्त्र. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात मात्र माणसाच्या उंचीपेक्षा मोठं धातूचं कडं पडलं. आसपासच्या भागात धातूचे गोळेही सापडले. चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा हा तिसरा टप्पा असावा, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेला, असं लगेच सांगणाऱ्यांत जोनाथन मॅकडॉवेल होते. पेशाने खगोलशास्त्रज्ञ, पण उपग्रहांची कुंडली ठेवणं हा त्यांचा अनेक वर्षांचा छंद.

आता मला सांगा, उद्या आपल्या हॉस्टेलवरून असं काही दिसलं तर काय होईल? व्हिडिओ शंभर निघतील. पण नेमकी वेळ, दिशा आणि कोणत्या ताऱ्याजवळून गेलं, हे किती जण लिहून घेतील? माझं स्पष्ट मत आहे की इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला हे यायलाच हवं.

‘त्यासाठी नासा-इस्रो आहेत ना!’ असं म्हणणारे भेटतातच. आहेत, आणि इस्रोचं बंगळुरूत यासाठी खास केंद्रही आहे. पण हौशी लोकांनी काय केलंय ते बघा. १९६६ साली इंग्लंडमधल्या केटरिंग ग्रामर स्कूलचे फिजिक्सचे शिक्षक जेफ्री पेरी आणि त्यांचे विद्यार्थी रेडिओवर रशियन उपग्रह ऐकत होते. कॉसमॉस ११२ ची कक्षा नेहमीच्या तळाशी जुळेना. त्यावरून त्यांनी प्लेसेत्स्कचा गुप्त तळ शोधून काढला. सोव्हिएत सरकारने तो मान्य केला १९८३ मध्ये! नासाचा इमेज हा उपग्रह डिसेंबर २००५ मध्ये गप्प झाला होता. जानेवारी २०१८ मध्ये त्याचा सिग्नल पुन्हा पकडला तो स्कॉट टिली या कॅनडातल्या हौशी माणसाने. शाळेतली पोरं करू शकतात, तर टी.ई., बी.ई. वाल्यांना काय अवघड आहे?

खर्चही फारसा नाही. उपग्रह दिवा लावून फिरत नाहीत, त्यांच्यावर सूर्यप्रकाश पडतो म्हणून ते दिसतात. आपल्याकडे अंधार आणि वर ऊन, अशी वेळ सूर्यास्तानंतरचे आणि पहाटेपूर्वीचे एक-दोन तास. लाल-हिरवे दिवे लुकलुकले तर विमान. न लुकलुकता सरकणारा ठिपका बहुधा उपग्रह. ठरावीक अंतराने उजळणारा-मंदावणारा असेल तर गटांगळ्या खाणारं रिकामं रॉकेट असू शकतं. उल्का एक-दोन सेकंदांत संपते. कक्षेतून पडणारा भंगार मात्र सावकाश, तुकडे-तुकडे होत, कधी मिनिटभर दिसतो.

मग ओळख पटवायची. नोंदलेल्या बहुतेक वस्तूंची कक्षा दोन ओळींच्या आकड्यांत मांडलेली असते आणि ती कुणालाही मिळते. ठिपका दोन ओळखीच्या ताऱ्यांमधून गेला की स्टॉपवॉच दाबायचं आणि वेळ ताडून बघायची. खालच्या कक्षेतला उपग्रह सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर जातो. म्हणजे ०.१ सेकंद चुकलात तर पाऊण किलोमीटर चुकलात! प्रॅक्टिकलला आपण उत्तर आधी काढून रीडिंग मागून बसवतो, हे सरांनाही ठाऊक आहे. इथे कॉपी करायला कुणाचं जर्नल नाही. एरर ॲनालिसिस शिकायला याहून चांगलं प्रॅक्टिकल कुठलं?

पण खरा मुद्दा जबाबदारीचा आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अवकाशातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केलं, तर सोडणारा देश भरपाई देणं लागतो. १९७८ मध्ये कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडात कोसळला आणि १९८१ मध्ये सोव्हिएत युनियनने ३० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. पण मालक कोण तेच कळलं नाही, तर बिल पाठवणार कुणाला? लाडबोरीचं कडं एखाद्याच्या घरावर पडलं असतं तर?

आणि आपण फक्त झेलणारे नाही. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर वाहून आलेलं नळकांडं बहुधा आपल्याच पीएसएलव्हीचा तिसरा टप्पा होता, असं तिथल्या अवकाश संस्थेने सांगितलं. दुसऱ्याला जाब विचारायचा असेल, तर स्वतःचाही हिशेब ठेवावा लागतो. सरकारं आपापल्या सोयीने बोलतात. म्हणूनच ज्याला कुणाची बाजू घ्यायची नाही, असा गच्चीवरचा साक्षीदार मोलाचा.

आता अडचण एकच. आपल्या हॉस्टेलच्या गच्चीला कायम कुलूप असतं. कारण सगळ्यांना माहीत आहे आणि ते अगदीच चूक नाही. पण रेक्टर सरांना नम्र विनंती, आठवड्यातून एक संध्याकाळ, मेसच्या जेवणाआधी तासभर, एका स्टाफ मेंबरच्या देखरेखीखाली कुलूप उघडावं. सोबत एक वही ठेवू. तारीख, वेळ, दिशा, तारे आणि निरीक्षकाची सही. वर्षाअखेरीस वही डिपार्टमेंटला देऊ. दुर्बीण नंतर मागू, आधी किल्ली द्या!