उंबरठ्यावरचा कळफलक

सार्वजनिक कचेरीत संगणक आला म्हणजे ती कचेरी सर्वांना खुली झाली, असे गृहीत धरण्याची प्रथा पडून गेली आहे. हे गृहीतक कितपत खरे आहे ते तपासण्यासाठी मोठ्या योजनांचे अहवाल चाळण्याचे कारण नाही. संगणक सुरू केल्यावर जो पहिला पडदा समोर येतो, ज्यावर आपले नाव निवडून परवलीचा शब्द द्यावा लागतो, तो लॉगिनचा पडदा पाहिला तरी पुरे. ज्याच्या बोटांना कळफलक चालवता येत नाही, त्याला हा पडदा स्वतः ओलांडता येतो काय? प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. वस्तुतः तो हक्काचा आहे.

नगर जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला आणि २०२४ पासून अहिल्यानगर हे नाव धारण केलेला हा जिल्हा २०११ च्या जनगणनेत ४५ लाखांहून अधिक लोकसंख्येचा होता आणि त्यातील पाचांपैकी चार माणसे खेड्यांत राहत होती. गोठ्याजवळची कडबाकुट्टी, खळ्यावरचे मळणीयंत्र, गुऱ्हाळातला चरक या यंत्रांनी शेतकऱ्याचे कष्ट कमी केले, तसे काहींचे हातही घेतले. मळणीयंत्रांवरील अपघातांची दखल घेऊन संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला आणि जखमी मजुराला भरपाई हे त्याचे एक उद्दिष्ट ठेवले. भरपाईने हात परत येत नाही. असा तरुण मग बैठ्या कामाकडे, म्हणजे आजच्या काळात संगणकाकडे वळतो. पक्षाघात, संधिवात, जन्मजात व्यंग यांमुळे बोटे निकामी झालेली माणसे त्याच वाटेवर असतात. २०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद केली. त्यांपैकी ५४ लाखांचे अपंगत्व हालचालींशी निगडित होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. जागा मिळाली, पण खुर्चीत बसल्यावर काय होते?

तालुक्याच्या न्यायालयाचे उदाहरण घ्यावे. ई-कोर्ट्स प्रकल्पात जिल्हा आणि तालुका न्यायालयांना उबुंटू ही लिनक्सवर आधारलेली मुक्त आज्ञाप्रणाली देण्यात आली. खटल्यांच्या नोंदीची प्रणाली पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रात घडली. परक्या कंपनीला परवाना-शुल्क न देता सार्वजनिक काम सार्वजनिक मालकीच्या साधनाने करावे, हे धोरण योग्यच होते. अशा एखाद्या कचेरीत बोटे गमावलेला लिपिक रुजू झाला असे समजू. त्याच्यासाठी लिनक्समध्ये पडद्यावरचा कळफलक उपलब्ध आहे. अक्षरांचे चित्र पडद्यावर उमटते आणि माउसने, ट्रॅकबॉलने किंवा डोक्याच्या हालचालीने एकेक कळ निवडून लिहिता येते. मात्र हा कळफलक त्याने स्वतःच्या खात्यात चालू करून ठेवला असेल, तर तो लॉगिननंतरच उघडतो. लॉगिनसाठी कळफलक हवा आणि कळफलकासाठी लॉगिन हवे. कुलूप बाहेर आणि किल्ली घरात, अशी ही अवस्था.

तिचे कारण कोणाचा दुष्टावा नव्हे, रचना आहे. लिनक्समध्ये लॉगिनचा पडदा वापरणाऱ्याच्या खात्यात चालत नाही. तो स्वतःच्या वेगळ्या, मर्यादित अधिकारांच्या खात्यात चालतो. आत कोण येणार हे अद्याप ठरलेले नसल्यामुळे कोणाचीही वैयक्तिक सोय त्याला ठाऊक नसते. म्हणून ही सोय संपूर्ण यंत्रासाठी, व्यवस्थापकाच्या अधिकाराने करावी लागते. लाइटडीएम आणि त्याचा जीटीके पडदा असेल, तर त्याच्या साध्या मजकुराच्या फायलीत ‘कीबोर्ड’ या नोंदीपुढे ‘ऑनबोर्ड’ या कळफलकाचे नाव लिहायचे आणि दुसऱ्या एका नोंदीने तो आरंभीच उघडा ठेवायचा. काम दोन ओळींचे. ग्नोमच्या जीडीएममध्ये पडद्यावरच्या सुलभतेच्या चिन्हातून तो चालू करता येतो किंवा व्यवस्थापकाला तो कायमचा चालू ठेवता येतो. केडीईबरोबरच्या एसडीडीएममध्येही तशी नोंद आहे. तंत्र उपलब्ध आहे आणि खर्च तंत्रज्ञाच्या अर्ध्या तासाचा आहे.

हे न केल्यास काय घडते? शेजारचा सहकारी परवलीचा शब्द टाकून देतो. माणुसकी म्हणून हे चांगलेच. परंतु शब्द दुसऱ्याला सांगितला की तो परवलीचा राहत नाही. त्या नावाने पुढे जी नोंद होईल, जी तारीख बदलली जाईल, तिची जबाबदारी मात्र त्या लिपिकाच्याच माथी येते. सहकारी रजेवर गेला की दिवस वाया जातो, आणि वाया गेलेल्या दिवसांवरून ‘हे लोक काम करू शकत नाहीत’ असा शेरा तयार होतो. मतदानयंत्रावर ब्रेल अंक कोरले गेले ते अंध मतदाराला हात धरून नेणारे कोणी मिळत नाही म्हणून नव्हे, तर गुप्तता हा त्याचाही अधिकार आहे म्हणून. नागरिकाला उपकृत व्हावे लागणे हाच येथे अन्याय आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला सुरक्षिततेचा: पडद्यावर टिपलेली अक्षरे मागे उभा असलेला माणूस पाहू शकेल. भीती खोटी नाही. पण पडद्याची दिशा बदलून ती पुष्कळ कमी होते आणि परवलीचा शब्द रोज दुसऱ्याच्या हवाली करण्यापेक्षा ती केव्हाही लहान आहे. दुसरा आक्षेप असा की बोटाचा ठसा घ्यावा, शब्द हवाच कशाला? ज्याला बोटच नाही त्याला हा उपाय सुचवणे ही थट्टा आहे. ज्याला आहे त्याचेही सांगता येत नाही. कष्टाने रेषा झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र नाकारते, हा अनुभव रेशनच्या दुकानांनी दिलेलाच आहे.

मुक्त आज्ञाप्रणालीच्या समर्थकांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विंडोजच्या पहिल्या पडद्यावरही असा कळफलक मिळतो. तेव्हा मालकी सार्वजनिक झाली की समता आपोआप येते, असे नाही. ‘ऑनबोर्ड’ हा कळफलक एक्स या जुन्या चित्रप्रणालीसाठी घडला. लिनक्स वेलँड या नव्या प्रणालीकडे वळले, आणि ‘ऑनबोर्ड’ची मूळ निर्मात्यांकडून २०१७ नंतर अनेक वर्षे नवी आवृत्ती निघाली नाही. सर्वांच्या मालकीची वस्तू सांभाळण्याचे कर्तव्य कोणाचेच राहिले नाही, तर तिची झीज आधी दुबळ्याच्या वाट्याला येते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा भागभांडवलाइतकीच काळजी त्यांना हिशेबाची आणि व्यवस्थापनाची घ्यावी लागली होती. सहकाराचा हा धडा या जिल्ह्याला नव्याने शिकवण्याची गरज नसावी.

पैशाचा हिशेबही बोलका आहे. ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्यासाठी २०२३ साली केंद्र सरकारने ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. त्यांत अपंगांना सुलभ अशा माहिती-तंत्रज्ञान सोयींसाठी २७ कोटी ५४ लाख आहेत. म्हणजे दर शंभर रुपयांत अडतीस पैसे. पडद्यावरच्या कळफलकाला ते अडतीस पैसेही लागत नाहीत. तो लावला जात नसेल, तर कारण टंचाईचे नाही. निर्णय घेणारा माणूस त्या दारापाशी कधी अडलेला नसतो, एवढेच.

कायदा या बाबतीत समाजाच्या पुढे गेला आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतूडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुलभतेचे निकष ऐच्छिक ठेवणारा नियम मूळ कायद्याच्या विरुद्ध ठरवला आणि बंधनकारक निकष करण्यास सरकारला सांगितले. ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाने अंकीय सेवांपर्यंतची पोच हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. मात्र निकाल दिल्लीत लागतो आणि संगणक जामखेडला, अकोल्याला, पाथर्डीला असतो. या दोहोंमधले अंतर कार्यकर्त्यांनीच कापायचे आहे.

त्यासाठी मोर्चाआधी एक साधी तपासणी करावी. जिल्ह्याच्या चौदाही तालुक्यांत न्यायालय, तहसील, पंचायत समिती, ग्रंथालय आणि शाळा येथील संगणकाचा कळफलक काढून बाजूला ठेवावा आणि केवळ माउसने लॉगिन करून दाखवण्याची विनंती तेथील अधिकाऱ्याला करावी. जेथे ते जमणार नाही, तेथे लेखी मागणी द्यावी आणि उत्तराची तारीख मागावी. नव्या खरेदीच्या करारात पहिल्या पडद्यापासूनची सुलभता ही अट घालायला लावावी. स्थानिक स्वराज्य संस्थांना स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवावी लागते. तिच्यातून ट्रॅकबॉल, मोठे माउस आणि तंत्रज्ञाचे प्रशिक्षण सहज भागेल. तपासणीला बोटे गमावलेल्या एखाद्या शेतमजुराला सोबत न्यावे आणि माउस त्याच्याच हाती द्यावा. सोय झाली की नाही, याचा अंतिम निर्वाळा त्याचा असला पाहिजे.