बागेतली फवारणी आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न

‘कोणते औषध मारत होता?’ फवारणीनंतर उलट्या, घाम आणि धाप घेऊन माळी रुग्णालयात येतो, तेव्हा आम्हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असतो. बहुतेक वेळा सोबत आलेल्यांकडे उत्तर नसते. औषध ठेकेदाराने दिलेले असते आणि तेही पाण्याच्या जुन्या बाटलीत ओतून.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शहरांनी ती बातमी शिवाराची म्हणून वाचली. पण सोसायटीतल्या जास्वंदीवर, कार्यालयाबाहेरच्या हिरवळीवर मारली जाणारी कीटकनाशके बहुधा त्याच गटांतली असतात. फवारणाऱ्याच्या अंगात तोच साधा शर्ट आणि तोंडाला तोच रुमाल असतो.

औषधाचे नाव का हवे? सेंद्रिय फॉस्फरस गटातले कीटकनाशक मज्जातंतूंचे संदेश थांबवणारे विकर निकामी करते. मग लाळ व घाम सुटतो, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, छाती कफाने भरते आणि श्वासाचे स्नायू थकतात. यावर ॲट्रोपिन हा उतारा आहे. पायरेथ्रॉइड गटावर मात्र ॲट्रोपिन हा उतारा नव्हे. तिथे उपचार वेगळे. उन्हात काम करणाऱ्या माणसाच्या उलट्या आणि घाम ‘ऊन लागले’ म्हणून सोडून देण्याचा धोकाही असतोच.

या दुखण्याचे मूळ बागेच्या ठेक्यात आहे. अनेक ठिकाणी ठेका ‘महिन्याला एक खत, एक फवारणी’ असा असतो. कीड असो वा नसो, पैसे फेऱ्यांचे मिळतात. युरिया जास्त पडला की झाडाला कोवळी, लुसलुशीत फूट येते आणि मावा, पिठ्या ढेकूण नेमके तिथेच जमतात. मग फवारणी होते. तिच्यात मावा खाणारे ढालकिडेही मरतात आणि कीड पुन्हा उसळते. म्हणजे खताचा अतिरेक फवारणीला काम पुरवतो आणि विष माळ्याच्या अंगावर, मुलांच्या खेळण्याच्या जागेवर उडते.

कायदा आहे. कीटकनाशक कायदा १९६८ चा, नियम १९७१ चे. व्यावसायिक कीड नियंत्रणाला परवाना लागतो. फवारणाऱ्याला संरक्षक कपडे देणे बंधनकारक आहे. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो. लाल सर्वांत जहाल. सोबतच्या पत्रकात लक्षणे आणि उतारा छापलेला असतो. औषध दुसऱ्या बाटलीत ओतले की ही सारी माहिती मागेच राहते.

म्हणून सोसायटीच्या बैठकीत ठेक्याचा मसुदा बदलायला हवा. पैसे फेऱ्यांचे नकोत, बागेच्या देखरेखीचे हवेत. थोडीशी कीड पाण्याच्या जोरदार धारेने, फांदी छाटून किंवा कडुनिंबाच्या तेलाने आवरते. फवारणी करावीच लागली, तर औषध मूळ डब्यातच आणावे, आदल्या दिवशी सूचना फलकावर त्याचे नाव लिहावे, वारा असताना मारू नये आणि पाने सुकेपर्यंत मुलांना तिकडे जाऊ देऊ नये. हातमोजे, चश्मा, बूट आणि मुखवट्याचा खर्च ठेक्यातच धरावा.

तरीही बाधा झालीच, तर भिजलेले कपडे लगेच काढा आणि अंग साबण-पाण्याने धुवा. डोळ्यांत गेले असेल तर बराच वेळ स्वच्छ पाणी सोडा. उलटी करायला लावू नका. रुग्णालयात येताना डबा किंवा त्यावरच्या लेबलाचा फोटो घेऊन या. आमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यावरच छापलेले असते.