चालकविरहित फोर्कलिफ्ट आणि गोदाम कामगार : एक निवेदन

प्रति,
मा. कामगार आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

प्रत : मा. संचालक, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, महाराष्ट्र राज्य

विषय : भिवंडी परिसरातील गोदामांत चालकविरहित फोर्कलिफ्ट सुरू करण्यापूर्वी सुरक्षा तपासणी व कामगारांशी लेखी करार बंधनकारक करण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे, माणकोली, राहनाळ, पूर्णा, काल्हेर ते पडघा या पट्ट्यातील गोदामांत काम करणारे फोर्कलिफ्ट चालक, माथाडी व कंत्राटी कामगार आहोत. पॅलेट उचलून रॅकवर लावणाऱ्या चालकविरहित गाड्या आमच्या गोदामांत येऊ घातल्या आहेत. त्यांना आमचा विरोध नाही. रात्रपाळीत तासन् तास मान वर करून उंच रॅकवर माल लावला की मान आणि कंबर कशी धरते, ते आम्हीच जाणतो. मात्र ज्या घाईने ही यंत्रे आणली जात आहेत, तिची आम्हाला धास्ती वाटते.

अशा गाडीला जमिनीलगत, साधारण घोट्याच्या उंचीवर लेझर स्कॅनर असतो. माणूस ठरावीक अंतरात आला की तिचा वेग कमी होतो, आणखी जवळ आला की ती थांबते. पण हा स्कॅनर त्या एका पातळीवरचेच पाहतो. वर उचललेल्या फोर्कचे टोक कशाला लागते आहे, पॅलेटबाहेर किती गोण्या आल्या आहेत, हे वेगळे सेन्सर नसतील तर गाडीला कळत नाही. आमच्याकडची पॅलेट लाकडी, बरीचशी जुनी. कुठे फळी तुटलेली, कुठे खिळा वर आलेला. चालक ते पाहतो आणि पॅलेट बाजूला काढतो. पावसाळ्यात ट्रकमागून पाणी आत येते, डॉकजवळची फरशी निसरडी होते आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागते. कोरड्या फरशीवर, रिकाम्या गल्लीत घेतलेली ट्रायल जुलैमध्ये उपयोगाची नाही.

चालकविरहित गाड्यांसाठीच्या आयएसओ 3691-4 या आंतरराष्ट्रीय मानकात गाडीच्या मार्गालगत दोन्ही बाजूंना अर्धा मीटर मोकळी जागा अपेक्षित आहे. आमच्या अनेक गोदामांत त्याच गल्लीत कामगार उकिडवे बसून खोके मोजत असतात. म्हणून पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी अशी, की गाडी सुरू होण्याआधी याच मानकानुसार आपल्या यंत्रणेमार्फत, ओल्या फरशीवर आणि भरल्या गोदामात तपासणी व्हावी. तिचा अहवाल गोदामात मराठी व हिंदीत लावला जावा. केवळ साठवणूक करणारी गोदामे कारखाने अधिनियम, 1948 च्या व्याख्येबाहेर राहत आली, त्यामुळे आमच्याकडे तपासणीची सवयच लागलेली नाही. ही उणीव आता तरी दूर व्हावी.

रोजगाराबाबत आमचे म्हणणे थोडक्यात मांडतो. ज्या यंत्रबदलामुळे कामगारकपात होण्याची शक्यता आहे, त्याची 21 दिवस आधी नोटीस देण्याची तरतूद औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि औद्योगिक संबंध संहिता, 2020 मध्येही आहे. ती कागदावर राहू नये. नोटीस कंत्राटदाराच्या टेबलावर न थांबता चालकांच्या हाती पडावी. गाड्यांवर देखरेख, बॅटरी चार्जिंग, बिघाड झाल्यावर हाताने गाडी बाहेर काढणे ही कामे यंत्र आल्यावरही माणसांनाच करावी लागतात; ती आधी याच चालकांना, पगारी प्रशिक्षण देऊन, आहे त्याच वेतनावर मिळावीत. तसेच 1969 च्या माथाडी कायद्याखाली नोंद असलेल्या कामगारांचे काम यंत्राकडे गेले, तर त्यांच्या भविष्यनिर्वाह निधीचे आणि वैद्यकीय सुविधांचे काय, हे संबंधित माथाडी मंडळाने मालकांसोबत बसून आधी लेखी ठरवावे.

या मागण्यांवर आपण मालक, कंत्राटदार, माथाडी मंडळ आणि आमचे प्रतिनिधी यांची संयुक्त बैठक पावसाळ्यापूर्वी बोलवावी आणि तोपर्यंत माणसांची ये-जा असलेल्या गल्लीत एकही चालकविरहित गाडी चालवू देऊ नये, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
भिवंडी परिसरातील गोदाम कामगार
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)