सांधा दुखायला लागण्याआधी

हिमोफिलियाच्या उपचाराचा हिशेब आपल्याकडे मुख्यतः दोन आकड्यांवर चालतो: रुग्णाला किती वेळा रक्तस्राव झाला आणि रक्त गोठवणाऱ्या फॅक्टरच्या किती बाटल्या लागल्या. दोन्ही आकडे हवेतच. पण ज्या सांध्यांसाठी हा सारा खटाटोप, त्यांचे काय झाले हे त्यांतून कळत नाही. गंभीर हिमोफिलियात बहुतेक रक्तस्राव सांध्यांतच होतात आणि त्यांतलेही बहुतेक गुडघे, घोटे व कोपरांत. म्हणून सरकारी केंद्रातून उपचार घेणाऱ्या प्रत्येक मुलाच्या या सहा सांध्यांची सोनोग्राफी वर्षातून किमान एकदा झाली पाहिजे आणि तिचा निष्कर्ष फॅक्टरच्या नोंदीशेजारी लिहिला गेला पाहिजे. ही तपासणी चैनीची नाही, उपचाराचाच भाग आहे.

सांध्यात उतरलेले रक्त शरीर हळूहळू शोषून घेते, पण त्यातले लोह मागे राहते. सांध्याच्या आतल्या पातळ अस्तरात ते साठते, अस्तर सुजून जाड होते, त्यात नव्या नाजूक रक्तवाहिन्या तयार होतात आणि पुढचा रक्तस्राव आणखी सहज होतो. दरम्यान हाडांच्या टोकांवरची कूर्चा झिजत जाते. ती एकदा गेली की फॅक्टर कितीही दिला तरी परत येत नाही. हे सारे बाहेरून दिसेलच असे नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात गंभीर हिमोफिलिया ‘ए’ असलेल्या ६५ लहान मुलांचे दोन गट केले होते. एका गटाला नियमित, दिवसाआड फॅक्टर आठ दिला. दुसऱ्याला रक्तस्राव झाल्यावरच, पण भरपूर मात्रेत. मुले सहा वर्षांची झाल्यावर एमआरआय काढले, तेव्हा पहिल्या गटातल्या ९३ टक्के मुलांचे सांधे शाबूत होते, दुसऱ्या गटात फक्त ५५ टक्क्यांचे. नियमित फॅक्टरच्या बाजूने हे आकडे जगभर सांगितले जातात. मात्र त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आपण विसरतो. ज्या सांध्यांत रक्तस्राव झाल्याची नोंदच नव्हती, अशाही काही सांध्यांत एमआरआयवर बिघाड दिसला. म्हणजे आईवडिलांनी डोळ्यांत तेल घालून ठेवलेली रक्तस्रावांची वहीसुद्धा सांध्याचा पूर्ण इतिहास सांगू शकत नाही. एमिसिझुमॅबसारख्या नव्या औषधांमुळे दिसणारे रक्तस्राव आणखी कमी होत आहेत, ही मोठी दिलाशाची बाब आहे. पण वही कोरी राहू लागली की सांध्याची खबर देणारे तेवढेही साधन उरत नाही.

आपल्याकडची सवय एक्स-रेची आहे. हिमोफिलियातल्या सांध्यांना गुण देण्याची पेटरसन पद्धत १९८० पासून वापरात आहे आणि मोठ्या रुग्णाची शस्त्रक्रिया ठरवताना तिचा उपयोग आजही होतो. पण एक्स-रेवर हाड दिसते. कूर्चा आणि अस्तर दिसत नाहीत. हाडांमधली जागा कमी झालेली दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हिमोफिलियाला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतले, हे योग्यच झाले. तरी दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची वेळच येऊ नये, हे पाहण्याची यंत्रणाही तितकीच तातडीची आहे. एमआरआय सगळ्यांत बारकाईने सांगतो, पण तो महाग, त्याची रांग लांब, आणि लहान मूल हलू नये म्हणून त्याला गुंगीचे औषध द्यावे लागते. दरवर्षी सहा सांध्यांसाठी हे शक्य नाही. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नाही, गुंगी नाही, आईच्या मांडीवर बसलेल्या मुलाचाही गुडघा पाहता येतो. २०१३ मध्ये कार्लो मार्टिनोली आणि सहकाऱ्यांनी हिमोफिलियासाठी तिची सुटसुटीत पद्धत मांडली: सहा सांधे, ठरावीक जागा, अस्तर, कूर्चा आणि हाडाचा पृष्ठभाग यांना गुण. तिच्या मर्यादा आहेत. सांध्याचा खोल मध्यभाग आणि हाडाच्या आतले बदल तिला दिसत नाहीत, आणि निष्कर्ष बराचसा तपासणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतो. शंका आली तिथे एमआरआय लागणारच, पण कुठे शंका घ्यायची हे तरी कळेल.

पहिला आक्षेप अगदी रास्त आहे: जिथे फॅक्टरच वेळेवर मिळत नाही, तिथे चित्रांवर खर्च कशाला? ज्याच्या मुलाला कळा येत असताना केंद्रात औषध संपलेले असते, त्याचा हा संताप मी मुळीच हलका लेखत नाही. पण साठा तोकडा आहे, म्हणूनच तो कुणाला किती द्यायचा हे अंदाजाने ठरवणे आपल्याला परवडत नाही. भारतात अनेक ठिकाणी खर्चामुळे नियमित फॅक्टर कमी मात्रेत देतात. त्याने रक्तस्राव कमी होतात, हे दिसले आहे. एखाद्या मुलाला तेवढी मात्रा पुरते की नाही, हे त्याचा सांधा पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. मोठ्या रुग्णांत तर सोनोग्राफी फॅक्टर वाचवूही शकते. सांधा दुखू लागला की रक्तस्राव समजून फॅक्टर घेतला जातो, पण ते दुखणे कधी जुन्या झिजेचे असते, कधी अस्तराच्या सुजेचे. कॅलिफोर्नियातील डॉक्टरांनी सोनोग्राफीने पडताळले, तेव्हा याबाबत रुग्ण आणि डॉक्टर दोघांचेही अंदाज वारंवार चुकलेले आढळले.

दुसरा अडसर आपल्या देशातला खास आहे. युरोपात काही केंद्रांत फिजिओथेरपिस्टच सांध्याची सोनोग्राफी करतात. आपल्याकडे गर्भलिंगनिदानाला आळा घालणाऱ्या कायद्यामुळे यंत्राची नोंदणी, त्याची जागा आणि ते हाताळणाऱ्याची पात्रता यांवर कडक बंधने आहेत. ती सैल करा, असे मी म्हणणार नाही. महाराष्ट्राने मुलींची घटती संख्या पाहिली आहे. मात्र या कायद्याने हिमोफिलियाच्या मुलाचा घोटा तपासायला मनाई केलेली नाही. जिल्हा रुग्णालयात नोंदणीकृत यंत्र असते, ते चालवण्याचा अधिकार असलेले डॉक्टर असतात. आठवड्यातली एक दुपार या रुग्णांसाठी राखून ठेवणे हा प्रशासकीय निर्णय आहे, त्याला कायदादुरुस्ती लागत नाही. प्रशिक्षणाची सोयही परक्या देशात शोधायला नको. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातच आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, आणि हिमोफिलियावर दीर्घ काळ काम केलेली माणसे तिथे आहेत.

तिसरी शंका काही डॉक्टर घेतात: चित्रात बिघाड दिसला, तर पुढे करायचे काय? खूप काही. नियमित औषध नसेल तर सुरू करता येते, असेल तर मात्रा किंवा दोन इंजेक्शनांमधले अंतर बदलता येते. व्यायाम त्या सांध्याला साजेसा ठरवता येतो. अस्तराची सूज हटतच नसेल तर किरणोत्सारी औषध सांध्यात टोचून अस्तर आटवण्याचा उपायही आहे. निरोगी मुलाच्या सांध्यातही थोडे पाणी दिसू शकते, तेव्हा एका चित्रावरून घाबरून उपचार वाढवू नयेत, हे खरे. त्यासाठीच पहिली तपासणी सांधे चांगले असताना, नियमित औषध सुरू करतानाच करावी लागते. पुढच्या वर्षी तुलना करायची तर त्या मुलाचा स्वतःचा सांधा आधी कसा होता, हे कागदावर असले पाहिजे. आज केंद्रांत छापलेल्या कार्डावर वजन, फॅक्टरची पातळी आणि मात्रा यांचे रकाने असतात. त्याच कार्डावर सहा सांध्यांचे सहा रकाने वाढवून आरोग्य विभागाला येत्या वर्षापासूनच सुरुवात करता येईल.