कर्मचारीवाचक शब्द आणि मोबदल्याचा शब्द : एक अलक्षित जोडी

काम करणाऱ्या माणसाला भाषा कोणत्या नावाने ओळखते, हा प्रश्न आपल्याकडे प्रायः व्युत्पत्तीचा किंवा परिभाषेचा म्हणून हाताळला जातो. ‘कारकून’ फारसीतून आला, ‘पगार’ पोर्तुगीजातून आला, शासनव्यवहारात कारकुनाचा ‘लिपिक’ झाला, एवढी नोंद केली की अभ्यासकाचे काम संपले असे आपण मानतो. भाषा संचालनालयाच्या ‘पदनाम कोशा’ने इंग्रजी पदनामांना मराठी प्रतिशब्द दिले, हे कार्य मोलाचेच आहे. परंतु प्रतिशब्द मिळाला म्हणजे त्या शब्दामागील माणसामाणसांतला संबंध उलगडला, असे होत नाही. कर्मचारीवाचक शब्द एकटा वाचून चालत नाही. त्याच्या शेजारी मोबदल्याचा कोणता शब्द बसतो, हे पाहावे लागते. ‘मजूर’ आणि ‘मजुरी’, ‘कामगार’ आणि ‘पगार’, ‘अधिकारी’ आणि ‘वेतन’, ‘सेविका’ आणि ‘मानधन’ या जोड्या केवळ सवयीने पडलेल्या नाहीत. त्या माणसाचे देणे कोणत्या स्वरूपाचे आहे, हक्काचे की कृपेचे, याची नोंद त्यांत असते. ही जोडी हाच अभ्यासाचा घटक मानावा, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या दृष्टीला आपल्या परंपरेत फार जुना आधार आहे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायातील दुसऱ्या पादात ‘कर्मकर’ या शब्दासाठी स्वतंत्र सूत्र केले आहे. वेतनाचा अर्थ अभिप्रेत असेल तर ‘कर्मकर’, एरवी ‘कर्मकार’. म्हणजे मोल घेऊन काम करणारा आणि नुसता काम करणारा यांच्यातला भेद संस्कृतात एका स्वराच्या ऱ्हस्वदीर्घत्वावर उभा आहे. मोबदला ही गोष्ट व्याकरणाने दखल घ्यावी इतकी महत्त्वाची आहे, हे त्या वैयाकरणाने जाणले होते. मराठीत हा भेद रूपाच्या पातळीवर उरला नाही. तो शब्दांच्या जोड्यांत गेला, आणि म्हणूनच सहजी नजरेस पडत नाही.

फारसीकडे पाहिले तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. आपला ‘मजूर’ हा शब्द मूळ फारसी ‘मुज्द’, म्हणजे मोबदला, या शब्दाशी जोडलेला आहे. ज्या शब्दाला आपण सर्वांत कमी प्रतिष्ठा देतो त्याच्याच पोटात मोबदला उघडपणे नांदतो आहे. आधुनिक फारसीत हाताने काम करणारा तो ‘कारगर’ आणि कचेरीत काम करणारा तो ‘कारमंद’. कारगराला मिळतो तो ‘मुज्द’. कारमंदाला मिळतात ते ‘हुकूक’. हा ‘हुकूक’ म्हणजे ‘हक’ या शब्दाचे अनेकवचन. आपला ‘हक्क’ त्याच कुळातला. एकाच्या श्रमाला दाम, तर दुसऱ्याच्या श्रमाला हक्क, अशी ही वाटणी आहे. प्रतिष्ठेच्या पायऱ्या चढत जावे तसा मोबदल्याचा उघड उल्लेख माणसाच्या नावातून नाहीसा होतो, असे एक सूत्र येथे हाती लागते. ‘मजूर’ दाम सांगतो, ‘कारकून’ काम सांगतो, ‘अधिकारी’ सत्ता सांगतो. अधिकाऱ्याच्या बाबतीत हे मौन निरुपद्रवी आहे, कारण त्याचे वेतन नियमांनी बांधलेले असते. परंतु नियमांनी न बांधलेल्या माणसाला असे मौन बाळगणारे नाव दिले, तर त्याचे परिणाम निराळे होतात.

जर्मन भाषेने हा भेद जितका काटेकोर केला तितका क्वचितच कोणी केला असेल. कारखान्यातला ‘आर्बायटर’, कचेरीतला ‘आंगेश्टेल्टे’ आणि राज्यसेवेतला ‘बेआम्टे’ असे तीन वर्ग, आणि त्यांच्या मोबदल्याचे तीन शब्द : ‘लोन’, ‘गेहाल्ट’ आणि ‘बेझोल्डुंग’. १९११ साली आंगेश्टेल्टे वर्गासाठी विम्याचा स्वतंत्र कायदा झाला आणि शब्दांचा भेद निवृत्तिवेतनाच्या खात्यांपर्यंत पोचला. कामावरून कमी करताना आर्बायटरला आंगेश्टेल्टेपेक्षा कमी मुदतीची पूर्वसूचना देण्याची तरतूद होती. १९९० साली तेथील संघराज्य घटना न्यायालयाने ती समतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली. पुढे २००५ मध्ये केंद्र आणि नगरपालिका यांच्या नोकरांसाठी जो नवा सामूहिक करार झाला, त्यात आर्बायटर आणि आंगेश्टेल्टे दोघेही ‘बेशेफ्टिग्टे’, म्हणजे कामावर असलेले, या एकाच नावाखाली आले, आणि लोन व गेहाल्ट यांच्या जागी ‘एन्टगेल्ट’ हा एकच शब्द आला. माणसाचे नाव आणि मोबदल्याचे नाव येथे एकाच वेळी बदलले, हा या उदाहरणाचा विशेष होय. दोहोंपैकी एकच बदलले असते तर तो बदल वरवरचा ठरला असता.

याच भाषेत मालकाला ‘काम देणारा’ आणि नोकराला ‘काम घेणारा’ म्हणतात. ‘भांडवल’ या ग्रंथाच्या तिसऱ्या जर्मन आवृत्तीच्या १८८३ मधील प्रस्तावनेत फ्रेडरिक एंगल्स यांनी या शब्दप्रयोगाची खिल्ली उडवली होती. श्रम देणारा माणूस ‘घेणारा’ ठरतो आणि श्रम घेणारा ‘देणारा’ ठरतो, हा उलटा न्याय त्यांनी दाखवून दिला. परंतु तो शब्दप्रयोग आजही रूढ आहे. रूढ शब्द तर्काने हटत नाहीत, हेही अभ्यासकाने ध्यानात ठेवलेले बरे.

जपानीचे वळण वेगळे आहे. तेथे नोकरदाराला ‘शाइन’ म्हणतात. शब्दशः अर्थ घ्यायचा तर कंपनीचा सदस्य. गंमत अशी की तेथील कायद्याच्या भाषेत ‘शाइन’ म्हणजे संस्थेचा वा कंपनीचा सभासद, नोकर नव्हे. व्यवहाराने सदस्यत्वाचा हा मान नोकराला बहाल केला. मात्र तो सर्वांना सारखा मिळाला नाही. ‘सेइशाइन’ म्हणजे कायम सदस्य, ‘केइयाकु शाइन’ म्हणजे कराराचा, ‘हाकेन शाइन’ म्हणजे दुसऱ्या कंपनीने पाठवलेला. आणि ‘आरुबाइतो’ तर जर्मनमधून उसना घेतलेला शब्द, सदस्यत्वाच्या बाहेरचा. कायम सदस्याला ‘गेक्क्यू’, म्हणजे महिन्याचे वेतन. आरुबाइतोला ‘जिक्यू’, म्हणजे तासाचे. या सर्व शब्दांच्या मागे १९४७ चा श्रमविषयक मूलभूत कायदा उभा आहे, आणि तो ‘शाइन’ हा शब्द वापरत नाही. तो ‘रोदोशा’ म्हणतो आणि रोदोशाची व्याख्या मोबदल्याने करतो : आस्थापनेत कामाला असलेला आणि त्याबद्दल मोबदला मिळणारा तो रोदोशा. तो मोबदला कोणत्या नावाने दिला जातो याला महत्त्व नाही, असेही तो कायदा स्पष्ट करतो. व्यवहाराची भाषा नात्याचे नाव देते, कायदा मोबदल्याकडे बोट दाखवतो. ही दुहेरी व्यवस्था विचार करण्याजोगी आहे.

इंग्रजीचा इतिहास उलट दिशेने वाचता येतो. इंग्लंडमध्ये १८६७ चा कायदा ‘मालक आणि नोकर’ या नावाचा होता. कराराचा भंग नोकराने केला तर त्याला तुरुंगाची वाट दिसे. मालकाने केला तर ती दिवाणी बाब असे. १८७५ मध्ये नव्या कायद्याने हा भेद काढला आणि त्याच्या शीर्षकातील ‘सर्व्हंट’ जाऊन ‘वर्कमन’ आला. तेव्हा नाव आणि हक्क बरोबरीने बदलले. अलीकडे मात्र नवीच नावे पुढे आली आहेत. मोबाइलच्या साहाय्याने टॅक्सी पुरवणाऱ्या उबर कंपनीने चालकांना ‘पार्टनर’ म्हटले. भागीदाराला किमान वेतन कसले, रजा कसली? फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने करारातील शब्द बाजूला ठेवून प्रत्यक्ष संबंध पाहिला आणि हे चालक ‘वर्कर’ आहेत असा निर्णय दिला. ‘डिलिव्हरी पार्टनर’ हा शब्द आता मराठीतही जसाच्या तसा रुळला आहे. त्याच्या जोडीला ‘पगार’ हा शब्द येत नाही. ‘इन्सेंटिव्ह’ येतो, ‘कमाई’ येते. जोडी पाहिली की शब्दाचा हेतू कळतो, तो असा.

आता मराठीकडे वळू. ‘कामगार’ हा शब्द आज आपल्याला कारखान्यातल्या श्रमिकाचाच वाटतो. परंतु महात्मा फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ च्या ग्रंथात तो सरकारी अंमलदारांसाठी आला आहे. फारसीत तर ‘कामगार’ म्हणजे ज्याची इच्छा सफल झाली असा भाग्यवान माणूस; तेथील ‘काम’ निराळे. अंमलदाराचा हा शब्द काही दशकांत गिरणीतल्या माणसाकडे आला. १९२३ च्या ‘गिरणी कामगार महामंडळा’त आणि १९२८ च्या ‘गिरणी कामगार युनियन’मध्ये तो ठामपणे दिसतो. शेतावर राबणारा ‘मजूर’ राहिला आणि त्याला ‘मजुरी’ मिळत राहिली. गिरणीतला ‘कामगार’ झाला आणि त्याला ‘पगार’ मिळू लागला. हा शब्द अंमलदाराकडून श्रमिकाकडे कसा आला, याचे टप्पे सभावृत्तांतांतून, हस्तपत्रकांतून आणि वृत्तपत्रांतून शोधता येतील. मराठीच्या सामाजिक इतिहासातील हे एक महत्त्वाचे प्रकरण होईल.

या पार्श्वभूमीवर ‘सेविका’ या शब्दाचा विचार अगत्याचा ठरतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. त्या योजनेतील जिला इंग्रजीत ‘वर्कर’ म्हटले गेले तिला हिंदीने ‘कार्यकर्ता’ म्हटले, गुजरातीने ‘कार्यकर’, आणि मराठीने ‘सेविका’. तिच्या मदतीला असणाऱ्या स्त्रीला मराठीत ‘मदतनीस’ म्हणतात. गुजरातीत ‘तेडागर’, म्हणजे मुलांना बोलावून घेऊन येणारी. गुजराती शब्दात निदान काम तरी दिसते. मराठी ‘सेविके’त काम दिसत नाही, वृत्ती दिसते. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि ‘आशा स्वयंसेविका’ आली. येथे तर ‘स्वयं’ हे पद लागून मोबदल्याचा प्रश्नच जणू निकालात निघाला. दोघींच्या शेजारी शब्द बसला तो ‘मानधन’. मान आणि धन या दोहोंत पहिल्याचे वजन अधिक आहे. मान देणाऱ्याच्या मर्जीवर असतो. तो थकला म्हणून कोणी दाद मागत नाही.

या जोडीचे परिणाम केवळ भाषिक नव्हते. अंगणवाडीतील स्त्रियांना उपदान, म्हणजे व्यवहारातील ग्रॅच्युइटी, देय आहे की नाही हा वाद गुजरातमधून सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने १९७२ चा उपदान कायदा सेविका आणि मदतनीस दोघींनाही लागू असल्याचा निर्णय दिला. त्यांना मिळणारे मानधन हे त्या कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे, असे न्यायालयाने मानले. जपानी कायद्याने १९४७ साली जे व्याख्येत लिहून ठेवले, ते आपल्याकडे या स्त्रियांना निवाड्याने मिळवावे लागले.

शिक्षणक्षेत्रही यातून सुटलेले नाही. महाराष्ट्रात २००० साली ‘शिक्षणसेवक’ योजना आली. शिक्षकाचेच काम करणारा माणूस पहिली तीन वर्षे ‘सेवक’ आणि त्याचा मोबदला ‘मानधन’; नंतर तो ‘शिक्षक’ होतो आणि त्याला ‘वेतन’ मिळू लागते. वर्ग तोच, फळा तोच, मुले तीच. बदलते ती जोडी. गुजरातचा ‘विद्यासहायक’ आणि उत्तर प्रदेशाचा ‘शिक्षामित्र’ ही याच घराण्यातली नावे. आणि आपल्या महाविद्यालयांत ‘तासिका तत्त्वावर’ शिकवणारे जे सहकारी आहेत, त्यांच्या नावात तर माणूसही नाही, केवळ घड्याळ आहे. जपानी ‘जिक्यू’ची आठवण व्हावी अशीच ही रचना आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. ‘सेवा’ हा शब्द आपल्या संस्कृतीत आदराचा आहे. शिवाय ‘सेवाज्येष्ठता’, ‘सेवानिवृत्ती’ या शब्दांतही तोच आहे, आणि तेथे तो कोणाचेही नुकसान करीत नाही. मग दोष शब्दाला का द्यावा? आक्षेप रास्त आहे, आणि प्रस्तुत प्रतिपादनाला तो पूरकच आहे. ‘सेवा’ शब्द एकटा दोषी नाही. शासकीय सेवकाच्या ‘सेवे’शेजारी वेतनश्रेणी, सेवापुस्तक आणि निवृत्तिवेतन हे शब्द उभे आहेत, अंगणवाडीच्या ‘सेविके’शेजारी एकटे मानधन उभे होते. एकच धातू एकीकडे हक्क सांगतो आणि दुसरीकडे त्याग मागतो. हा फरक कोशातल्या अर्थात सापडत नाही, शेजारच्या शब्दात सापडतो. त्याग मागितला जातो तो बहुधा स्त्रियांकडे आणि उमेदवारीतल्या तरुणांकडे, हेही नोंदवलेच पाहिजे.

तेव्हा मराठीच्या कोशकारांनी कर्मचारीवाचक शब्दाच्या नोंदीत त्याच्या मोबदल्याचा शब्द काळासह द्यावा. संशोधकांनी साहित्यकृतींच्या बरोबरीने हजेरीपटांची, शासननिर्णयांची आणि संघटनांच्या पत्रकांची भाषा अभ्यासविषय मानावी. ती भाषा मराठीच आहे, आणि लाखो माणसांचे आयुष्य तिच्यात लिहिले जाते. आपल्या स्वतःच्या लेखनात कोणता शब्द वापरावा, याचे उत्तर फार दूर शोधावे लागणार नाही. या स्त्रियांनी आपल्या संघटनांना नावे दिली तेव्हा ‘सेविका’ या शब्दावर न थांबता ‘अंगणवाडी कर्मचारी’ हा शब्द पुढे आणला. त्यांनी केलेली ही निवड भाषाभ्यासकांनी मान्य करावी आणि कोशात नोंदवावी.