हिरड्यांनाही गोरं करायचं?

मित्राच्या लग्नाचे फोटो आले आणि माझा मूडच गेला. एका फोटोत मी मस्त खदखदून हसतोय. दात ठीकठाक, पण हिरड्या चक्क काळपट-जांभळ्या! त्यात ऑफिसातल्या एकीने फोटो झूम करून विचारलं, "अरे, जांभळं खाऊन गेला होतास का?" झालं. लंच टाइममध्ये मी लेझरने हिरड्या गुलाबी करून देणाऱ्या क्लिनिकचे रेट्स शोधायला लागलो.

नशीब, पैसे भरण्याआधी कॉलनीतल्या डेंटिस्ट मॅडमकडे गेलो. त्यांनी हातात आरसा दिला आणि विचारलं, "आईच्या हिरड्या बघितल्यास कधी?" घरी जाऊन बघितल्या. डिट्टो! कातडीला रंग देणारं मेलॅनिन हिरड्यांतही असतं. सावळ्या माणसाच्या हिरड्या तपकिरी-काळपट असणं अगदी नॉर्मल. लहानपणापासून आहे, दोन्ही बाजूंना सारखं आहे, सूज नाही, दुखणं नाही, तर तो आजार नव्हेच. लेझरने वरचा थर काढता येतो, पण पुढे रंग परत येऊ शकतो. त्यापेक्षा गोव्याला जाऊन आलेलं बरं, असं आपलं माझं मत.

पण माझी खुशी दोन मिनिटंच टिकली होती. "आणि हे खालचं?" खालच्या पुढच्या दातांपाशी नवे डाग होते. टपरीवरच्या चहाबरोबरची सिगारेट! ती सोडली की डाग फिके पडतात, पण सावकाश. कधी महिने, कधी वर्षं. मला दचकवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. ब्रश करताना रक्त येत नाही, म्हणजे हिरड्या ठणठणीत, असं मी समजत होतो. सिगारेटने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे हिरड्या खराब असल्या तरी रक्त कमी येतं. रोग आत चालूच राहतो.

सिगारेट न ओढणाऱ्यांनीही निवांत बसू नये. लालभडक, सुजलेल्या हिरड्या आणि बेसिनमधलं रक्त याला आपण 'ब्रश जोरात लागला' म्हणतो. बहुतेक वेळा ते दातांच्या कडेला साठलेल्या थराचं काम असतं आणि वेळेवर क्लीनिंग केलं तर सुधारतं. क्लीनिंगने दात हलतात, ही निव्वळ अफवा. चांदीच्या फिलिंगशेजारी निळसर-करडा ठिपका दिसला तर तो बहुधा फिलिंगचाच. पिंपल्सवरच्या मिनोसायक्लिनसारख्या गोळ्यांनीही रंग बदलतो, तेव्हा डॉक्टरांना औषधं सांगा.

निघताना मॅडमनी सहज विचारलं, "घरात कुणी तंबाखू, मिश्री?"

मावशी! कराडजवळच्या गावात राहणाऱ्या माझ्या मावशीचा दिवस मिश्री लावल्याशिवाय उजाडत नाही. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड बोटावर घेऊन ती अर्धा तास ओट्यावर बसते. गेल्या दिवाळीत तिच्या खालच्या ओठाच्या आत, हिरडीला लागून, पांढरट चट्टा दिसला होता. "उष्णता झालीय रे," म्हणत तिने तूप लावलं आणि मी चकली खात टीव्ही बघत बसलो.

मॅडमचा आवाज बदलला. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, एकाच जागी नव्याने आलेला किंवा पसरणारा काळा डाग, गाठ, बधिरपणा. यातलं काहीही असेल तर लगेच दाखवायचं. प्रत्येक चट्टा कॅन्सर नसतो, पण काहींचा पुढे होतो. कधीकधी तुकडा काढून तपासल्याशिवाय कळत नाही. आणि दुखत नाही म्हणून थांबायचं नाही, कारण सुरुवातीला बऱ्याचदा दुखतच नाही.

रात्री मावशीला फोन लावला. "दाताला काय धाड भरलीय माझ्या? अजून दातानं ऊस सोलते मी!" म्हणाली. मग बराच वेळ गप्प. "तो डाग अजून हाय बघ."

शनिवारी तिला घेऊन येतोय. लेझरचे पैसे तसेच शिल्लक आहेत. मिश्रीची डबी मात्र बरोबर आणणारच, असं तिने आत्ताच बजावलंय.